मापात नसलेले त्रिकोण

भूकंपानंतर आमच्या जिल्ह्यात पत्र्याची घरं उभी राहिली आणि लातुरात क्लासेस. त्यातल्या एका क्लासात मी सराव पेपरांच्या आकृत्या काढायचे. रेणापूरच्या शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झाले होते, हात स्थिर होता, तेवढ्यावर नोकरी मिळाली.

भूमितीच्या सरांनी पहिल्याच दिवशी माझा सुबक त्रिकोण परत केला. काटकोन असेल तर तो काटकोन दिसता कामा नये, समान बाजू समान दिसता कामा नयेत. नाहीतर पोरं पट्टी लावून उत्तर काढतात, असं त्यांचं म्हणणं. रेघ सरळ यावी म्हणून लहानपणी छड्या खाल्लेल्या मला आता वाकडं काढायचा पगार मिळू लागला. मला त्यांचा रागच यायचा.

सर एका ग्रीक गणितीचे भक्त होते. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी त्याने भूमितीचा पाया घातला, पण सर त्याच्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यासारखं बोलायचे. मोजकी गृहीतकं मांडायची आणि पुढचं सगळं सिद्ध करायचं, हा त्याचा हट्ट. त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात, हेसुद्धा त्याने सिद्ध केलं. लोक हसले, हे तर गाढवालाही कळतं म्हणे, ते गवताकडे सरळच जातं. हा किस्सा सांगताना सर स्वतः कधी हसले नाहीत.

एका पेपरानंतर कंधारचे एक पालक तक्रार घेऊन आले. मुलाने कोनमापकाने कोन मोजून उत्तर लिहिलं होतं आणि ते चुकलं होतं. आकृतीच चुकीची असेल तर फी कशाची घेता, असं ते म्हणाले. क्लासच्या मालकांनी सरांना आणि मला केबिनमध्ये बोलावून त्यांच्यादेखत सांगितलं, पुढच्या पेपरपासून आकृत्या मापात. मान्य नसेल तर दुसरे शिक्षक तयार आहेत.

सर पन्नाशी ओलांडलेले, दुसरीकडे कोण घेणार? मला वाटलं, मुकाट्याने मान डोलावतील. पण ते पालकांकडे वळले. सांगू लागले, मोठ्या भूकंपाआधी सरांच्या गावात बारीक हादरे बसायचे, तेव्हा बहिणीने त्यांना तिच्या घराची भिंत बघायला बोलावलं होतं.

"मी दारातूनच बघितलं. भिंत सरळ दिसली. म्हणलं, काय होत न्हाई, झोपा आत. ओळंबा लावला न्हाई." मग म्हणाले, "दिसती सरळ म्हणून सरळ हाय, हे आता मी कुठल्या पोराला शिकवणार न्हाई."

बहिणीचं पुढे काय झालं, ते कुणी विचारलं नाही. मालक हळू आवाजात म्हणाले, वाईट वाटतं सर, पण पेपर मापातच निघेल. सर त्याच आठवड्यात क्लास सोडून गेले. मला फार वाईट वाटलं, तरी नोकरी मी सोडली नाही.

पुढचे पेपर मी अगदी मापात काढले. निकाल वाढला. कंधारच्या त्या मुलाचा फोटो चौकातल्या बोर्डावर लागला आणि त्याचे वडील पेढे घेऊन आले. मालक वर्गात होते, म्हणून वडील माझ्या टेबलाशी थांबले.

"आकृत्या आता मापात असतात का, ताई?"

मी हो म्हणाले.

"मग त्याला येतंय का नुसतं मोजतंय, हे मला कसं कळावं?"

पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या हातातच होता.