करडाचं गाऱ्हाणं

त्या उन्हाळ्यात घडलेलं कुणी घडवून आणलं की ते आपोआप घडलं, हे मला अजून उमगलेलं नाही. घडलं तसं लिहितो.

परंड्यात आमच्या चर्चवर पत्रे चढले ते माझ्यामुळे. लहानपणी मी लोकांच्या शेळ्या राखल्या. निजामाचं राज्य गेल्यावर स्वतःचा शेळ्यांचा व्यापार उभा केला. घासाघीस करावी ती मीच. बार्शीच्या दुकानदाराशी दिवसभर भांडून पत्रे आणले. छप्पर पुरं झाल्यावर पाळकसाहेबांनी भर उपासनेत सगळ्यांचे आभार मानले, पाणी भरणाऱ्यांचेसुद्धा. माझं नाव नाही. मी तिथंच उठलो आणि म्हणालो, "आता दारी येऊन बोलवाल तेव्हाच येईन." ते आले नाहीत. मीही गेलो नाही.

मे महिन्यात पत्र्याखाली बसवेना. उपासना बाहेर लिंबाखाली भरू लागली आणि रविवारी ऊन उतरलं की तिथंच शास्त्रवाचन आणि चर्चा. लिंब माझ्या शेळ्यांच्या कुंपणाला लागून. "पत्र्याखाली नरकाची ओळख झाली, आता स्वर्गाचं वाचू," असं शाळेचे गुरुजी म्हणाले आणि सगळे हसले. कुंपणाआड मी जळत होतो.

माझी बायको रूथ त्या घोळक्यात एकटी बसायची. तिच्या पोटाचं ऑपरेशन सोलापूरला ठरलं होतं. सोमवारी निघायचं होतं. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. "एक डाव शेजारी येऊन बसा," ती म्हणाली. "मग देवाशीबी हुज्जत घाला, मी आडवी येणार न्हाय." मी शेळ्यांना पाला टाकायला निघून गेलो.

त्या रविवारी कुर्डुवाडीची बसगाडी चर्चजवळच बिघडली. एक म्हातारे मुसलमान गृहस्थ पाणी मागत लिंबाखाली आले आणि सावलीला टेकले. गुरुजी दोन भावांचा दृष्टांत वाचत होते. उधळ्या धाकटा परत येतो, बाप जेवण घालतो. घरी राबणारा थोरला रुसून दाराबाहेर उभा राहतो. आपल्याला कधी एक करडूही मिळालं नाही, हे त्याचं गाऱ्हाणं. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो.

"मग थोरला आत गेला का न्हाय?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

गुरुजींनी पान उलटून पाहिलं. "ते लिहिलेलं नाही, चाचा."

"या अल्ला! करडापायी उपाशीच ऱ्हायला? अन् बाप बिचारा बाहेरच उभा?"

कुणी हसलं नाही. करडाची किंमत त्या घोळक्यात माझ्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. थोरल्याचं म्हणणं रास्त होतं, हे मी आजही सांगेन. तरी माझे पाय कुंपणाबाहेर कसे पडले, ते मला कळलं नाही. मी रूथशेजारी जाऊन बसलो. तिनं वर पाहिलं नाही. पदर आवरून जागा केली.

गाडी दुरुस्त झाली तसे चाचा गेले. नाव विचारायचं राहिलं. त्यांना पाठवलं होतं, की नुसती गाडीच बिघडली होती?

रूथ बरी होऊन घरी आली. पाळकसाहेब मात्र अजून दारी आलेले नाहीत, आणि प्रार्थनेला डोळे मिटले की तेच आधी बोचतं. तरी रोज बसतो. गाऱ्हाणं मिटल्यावर आत जाईन म्हणणारा बाहेरच राहतो. मी ते तसंच घेऊन आत गेलो, आणि प्रभूनं मला बसू दिलं.