उजवं चाक कोण फिरवत होतं?

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवताना वाचत आले, हसायला बरे म्हणून. खारघरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. अमावस्या, नजर, उतारा यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या वास्तुशांतीलासुद्धा मी सुट्टी न मिळाल्याचं कारण सांगून उशिरा पोचले होते. त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटतेय... आणि खरं सांगायचं तर अजून भीतीही वाटतेय.

आम्ही नेरूळला रो-हाऊसमध्ये राहतो. मी, नवरा संदीप आणि सासरे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून त्यांची जागा एका कॉन्टेसाने घेतली आहे असं मी म्हणते. संदीपच्या मते ती माझी सवत आहे. लांबलचक बॉनेट, रुंद बूड, मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी... आपल्याकडची मसल कार हीच, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. गेल्या वर्षी त्याने तिच्यात मोठं इंजिन बसवलं आणि मग मागच्या एक्सलचा, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचा प्रश्न आला.

हे थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंजिनची ताकद गाडीच्या पोटाखालून एका लांब शाफ्टने मागे येते. मागच्या एक्सलच्या मधोमध गिअरची जोडी असते, ती शाफ्टचं फिरणं दोन्ही चाकांना वाटून देते. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे जास्त असतील तर गाडी जोरात उचलते, घाट चढते, पण हायवेवर इंजिन नुसतं बोंबलत राहतं. फेरे कमी असतील तर हायवेवर निवांत, पण चढाला दम कमी. आमच्या गाडीत पहिला प्रकार होता. संदीपला दुसरा हवा होता. "साताऱ्याला जाताना तुझ्याशी बोलता तरी येईल," म्हणाला. कळंबोलीच्या एका भंगारवाल्याकडे त्याला हवी ती जोडी मिळाली.

बाबांचा याला सक्त विरोध. बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली, गाडी त्यांनी जन्मात चालवलेली नाही, पण मत ठाम. "खंबाटकीत गाडी मागं आली म्हंजे कळंल," एवढं म्हणून त्यांनी संदीपशी अबोला धरला. आमच्याकडे अबोल्याची एक रीत आहे. बोलायचं नाही, पण काम अडवायचं नाही. बाबा मुकाट्याने पाना आणून देत, टॉर्च धरत आणि तोंड फिरवून उभे राहत.

त्या रविवारी सकाळी नवी जोडी बसवून झाली. गिअर भंगारातला, म्हणजे त्याचे फेरे खरे किती हे स्वतः मोजायला हवं. गाडीची मागची बाजू स्टँडवर उचललेली, गिअर न्यूट्रलला. एकाने डावं चाक फिरवायचं, दुसऱ्याने त्याच वेगाने उजवं, आणि तिसऱ्याने खाली झोपून शाफ्टचे फेरे मोजायचे. मी डाव्या बाजूला स्टूलवर बसले. संदीप खाली गेला. "बाबा, उजवीकडे बसा," तो खालूनच म्हणाला. बाबा घरातून बाहेर आलेले मी पाहिले होते.

आमच्या पोर्चमध्ये गाडीच्या उजवीकडे लगेच कंपाउंडची भिंत आहे. मधे जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा. बॉनेट घराच्या भिंतीला टेकलेलं, म्हणजे तिकडे जायचं तर डिकीच्या मागून, माझ्या पाठीजवळूनच जावं लागतं. माझं लक्ष टायरवरच्या खडूच्या खुणेकडे होतं. बाबा गेले असतील असं मी धरून चालले.

आम्ही फिरवायला लागलो. खालून संदीप मोजत होता. माझ्या हाताला जाणवत होतं की पलीकडून नीट साथ मिळतेय. मधेच पलीकडचा वेग वाढला आणि माझं चाक हातातून सुटल्यासारखं झालं. संदीप म्हणाला, "बाबा, जरा हळू." लगेच वेग कमी झाला. उत्तर आलं नाही, पण अबोल्यात कोण उत्तर देतं?

मोजणी मनासारखी झाली. संदीप खुशीत होता. तेवढ्यात घराच्या दारातून बाबा आले. हातात चहाचे कप.

"बसू का आता तिकडं?" त्यांनी मला विचारलं.

मी उठून डिकीवरून पलीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. फाटकाची कडी आतून लावलेली होती. संदीप बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो नुसता हात पुसत राहिला.

मी अर्थातच फिजिक्स काढलं. गिअर अडकला असेल तर दोन्ही चाकं आपोआप एकत्र फिरतात. मी पुन्हा बसले आणि एकटीने डावं चाक फिरवलं. बाबांनी सांगितलं, उजवं उलट्या दिशेला फिरतंय. म्हणजे गिअर अगदी मोकळा, जसा असायला हवा तसा. दोन्ही चाकं सरळ एकाच दिशेला फिरायची तर पलीकडे कुणीतरी हात लावून ते फिरवायलाच हवं. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते... त्या क्षणी मला ते ठाऊक नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

आमच्या घरात भीती बोलून दाखवायची पद्धत नाही. संदीपने हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी गिअरमध्ये तेल भरायला तो पुन्हा गाडीखाली गेला. गाडी अजून स्टँडवरच होती. मी नको म्हणाले, भांडले, चिडून वर निघून गेले. बाबा पेपर घेऊन उजव्या चाकाजवळच्या त्या फटीत जाऊन बसले.

थोड्या वेळाने त्यांची हाक आली. मोठ्याने नाही, पण तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "मेघा, खाली ये. लवकर ये."

मी धावत आले. बाबांनी उजवं चाक दोन्ही हातांनी कवटाळलं होतं, पाय भिंतीला रेटले होते. "ओढतंय गं," ते म्हणाले. "मी सोडत नाय. तू त्याला काढ." इंजिन बंद. किल्ली घरात, देवघराशेजारच्या खुंटीवर. गाडीखाली संदीपच्या टी-शर्टचा घेर शाफ्टच्या सांध्यात गुंडाळला गेला होता आणि गळा आवळत चालला होता. त्याला ओरडताही येत नव्हतं.

मी गाडीचं दार उघडून हँडब्रेक ओढला. त्याने दोन्ही मागची चाकं जाम व्हायला हवीत. झालीही असतील, पण बाबा म्हणतच होते, "अजून ओढतंय." स्वयंपाकघरातली कात्री आणून मी गाडीखाली सरपटत गेले आणि त्याच्या मानेजवळून शर्ट कापला. एवढ्या वेळात माझ्या उजव्या हाताला, चाकाच्या आतल्या अंगाला कुणीतरी आहे हे मला कळत होतं. कसं, ते सांगता येणार नाही. मी तिकडे पाहिलं नाही. मान वळवायची माझी हिंमत झाली नाही.

संदीपला आम्ही ओढून बाहेर काढलं आणि त्याच क्षणी चाक सैल पडलं. बाबा धपकन मागे आदळले. मग रांगत येऊन त्यांनी संदीपचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडायला लागले. "घाल रे पोरा, तुला पायजे तो गिअर घाल," म्हणत होते. इतक्या दिवसांनी ते त्याच्याशी बोलत होते.

तो गिअर आम्ही दुसऱ्या मेकॅनिककडून काढून घेतला आणि जुना बसवला. भंगारवाल्याला मी जाऊन विचारलं, हा कुठल्या गाडीचा? तो म्हणाला, "मॅडम, ट्रक भरून माल येतो, कोण विचारतंय कुठून आला?" बरोबरच आहे त्याचं. तो गिअर मी त्याच्याच ढिगावर सोडून आले.

पुढे कितीतरी दिवसांनी जेवताना संदीप अचानक बोलला. मोजणीच्या दिवशी त्याला उजव्या चाकावर हात दिसले होते, तेव्हा ते बाबांचेच असं त्याने धरलं होतं. मी म्हटलं, पलीकडून फिरवणाऱ्याचे दिसणारच. तो म्हणाला, "पलीकडून नाही, मेघा. आतून. माझ्या बाजूने होते." मग त्याने ताट बाजूला सारलं.

कॉलेजातल्या सहकाऱ्यांना विचारलं. कुणी म्हणालं शाफ्टमध्ये पीळ साठतो, कुणी म्हणालं बाबांचं वय झालं. मी ही सगळी उत्तरं कागदावर मांडून पाहिली. एकही बसत नाही. ते गिअरबरोबर आलं होतं आणि गिअरबरोबर गेलं, की आमच्याच पोर्चमध्ये आहे, हेसुद्धा मला सांगता येत नाही.

संदीपने गाडीचा नाद सोडलेला नाही, सुटणारही नाही. दर एक-दोन रविवारी तो खाली जातोच. मग मी वह्या तपासायला घेऊन त्या फटीत जाते आणि उजव्या चाकाला पाठ टेकून बसते. तो बाहेर येईपर्यंत उठत नाही. मला तिथे भयंकर भीती वाटते. पण ती जागा रिकामी ठेवायची नाही, एवढंच मला सुचलंय.