मागची सीट

दत्तोबा गेल्याची बातमी मला मारुंजीहून आली. मी त्या वेळी तो होता त्याच हॉस्पिटलच्या खाली चहा पीत होतो! आजारपणात उशाशी बसलो मी, पण कागदावर ‘नातेवाईक’ म्हणून नाव मारुंजीला राहणाऱ्या पुतण्याचं, केतनचं. डॉक्टरांनी फोन लावला तो त्याला. “काका, दत्ताकाका गेले,” तो रडतच म्हणाला... आणि खरं सांगतो, दुःखाच्याही आधी मला राग आला. याला माझ्याआधी कसं कळलं?

चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला आम्ही अख्खी नोकरी काढली. मोटरसायकल त्याची, मागे मी. सीटखालची कुठलीशी वायर सैल होती. मागे वजन पडल्याशिवाय गाडी सुरूच व्हायची नाही. दुरुस्त कर म्हटलं की म्हणायचा, “कशाला? तू हायेस की.” मृत्युपत्र कर म्हटलं तरी तेच. “दोन खोल्या आन् ही खटारी. त्याला वकील कशाला? तू हायेस की.” एवढ्यावर मी निर्धास्त राहिलो, हे माझं शहाणपण! लग्न त्याने केलं नाही, भाऊ आधीच गेलेला. म्हणजे सगळं केतनचं. दिवाळीला काजूकतलीचा बॉक्स ठेवून पळणाऱ्या केतनचं.

खोल्यांवर त्याची वारसनोंद लागतेय कळताच मी इस्त्रीचा शर्ट घालून तलाठी कार्यालयात हरकत घ्यायला निघालो. बायकोने दारातच अडवलं. “अहो, तुम्हाला पाहिजेत का त्या खोल्या?” नको होत्या. त्याला मिळू नयेत, एवढंच होतं.

“मयताचे तुम्ही कोण?” तलाठीबाईंनी विचारलं.

“मित्र.”

“मित्र वारसांत येत नाही, काका. हक्क कसला सांगताय?”

मी म्हणालो, “मी त्याच्या मागे बसायचो.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “म्हणजे चांगले ओळखत होता. बरं झालं आलात, आम्हाला पंच पाहिजेच होता.” हरकत घ्यायला गेलेला मी, केतनशिवाय मयताला दुसरं कुणी नाही, असं लिहिलेल्या पंचनाम्यावर सही करून परतलो!

गाडी अजून दत्तोबाच्या दारात उभी आहे. केतन रविवारी येतो, घामाघूम होईतो किका मारतो. “काका, काही युक्ती आहे का हो?” “न्हाई बा,” मी शेजारच्या माझ्या ओट्यावरून सांगतो. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत असतात. पण मागच्या खेपेला तो म्हणाला, “जाऊ द्या. पुढच्या रविवारी टेम्पो आणतो, भंगारात घालू.”

तो गेल्यावर मी जाऊन गाडीवर बसलो. पुढची जागा रिकामी असूनही मागेच. पाय आपसूक फूटरेस्टवर गेले...

येत्या रविवारी टेम्पो यायच्या आत असाच बसणार आहे. केतनला म्हणेन, “मार किक.” खोल्या त्याच्या, गाडी त्याची, पुढची सीटही त्याची, सही केलीये मी तशी. पण मागून उतरा म्हणाला, तर मात्र हरकत घेईन.