आवाज काढून घेतलेली बंदूक

भिगवणला हायवेलगत फवारणीचे पंप आणि एअरगन दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. त्याचे नाव मी विचारले नाही, आता विचारणारही नाही.

डाळिंबाच्या बागेतले पोपट हाकलायला मी एअरगन घेतली होती. पोपट यायचे नेमके म्हशींच्या धारा काढायच्या वेळी. बार झाला की शेजारी चुलत्यांची म्हैस बिचकून पान्हा चोरायची आणि चुलते बांधावर येऊन भांडायचे. म्हणून बंदुकीचा आवाज कमी करून घ्यायला मी त्याच्याकडे गेलो.

त्याने डोळे मिटून एक बार ऐकला आणि बोटे पँटला पुसली.

"मालक, पाखरं छऱ्याला भीत न्हाईत, आवाजाला भित्यात. राखणीला मुकं कुत्रं ठिवता का?"

"अक्कल शिकवू नका, काम करा," मी म्हणालो. घासाघीस करून मजुरीही पाडली.

काम त्याने चोख केले. बंदूक शिंकल्यासारखी वाजू लागली. म्हैस खूश झाली, पोपट त्याहून खूश झाले. पंधरा दिवसांत निम्म्या झाडांवर पोखरलेली फळे लोंबू लागली.

मी तणतणत पुन्हा भिगवणला गेलो. "तुमी मला अडवलं का न्हाई?"

मान वर न करता तो म्हणाला, "अडवलं आसतं, तर तुमी दुसऱ्याकडनं करून घेतलं आसतं."

पोपटांवरचा माझा राग केव्हाच निवला. उरलेल्या झाडांवर आता मी जाळी बांधतो आहे आणि एकेका गाठीला त्या माणसाला शिवी देतो आहे.