कागदावरचा तळहात

हरवलेल्या मोबाईलची तक्रार द्यायला मी कर्नाटकातल्या आमच्या आळंदच्या पोलीस ठाण्यात गेलो होतो. शेजारी मार खाल्लेली एक सून फिर्यादीवर सही करायला वाकली, तोच तिच्यासोबतच्या पांढऱ्या केसांच्या बाईनं कागदावर तळहात ठेवला. ही बाई मोफत कायदा मदत केंद्राची.

"थांब पोरी. लिहिलंय कन्नडात, पण मार तुझ्या अंगावर पडलाय. तुझ्या बोलीत ऐक, मग सही कर."

"अक्का, उशीर व्हायलाय," हवालदार म्हणाला.

"होऊ द्या."

एकेका ओळीवर बोट ठेवत तिनं सगळं मराठीत सांगितलं. सून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "नवऱ्यासंगं सासऱ्यानं बी मारलंय. मघाशी भ्याले, सांगितलं न्हाई."

हवालदारानं नवा कागद घेतला.

परगावचे लोक मला आळंदच्या नावाजलेल्या तुरीबद्दल विचारतात. मी आधी त्या तळहाताबद्दल सांगतो.