आंटींचा चावट सिनेमा

इथे आखातात, बुसैतीनमध्ये, आमच्या शेजारी वसईच्या एक आंटी मुलाकडे राहतात. कचरा टाकायलाही लिपस्टिक लावून जातात आणि बोलणं संपलं की 'खलास' म्हणतात.

एकदा आमच्याकडे सगळे जेवायला जमले होते. कोणीतरी टीव्हीवर सत्तरच्या दशकातला एक चावट विनोदी सिनेमा लावला. टॉवेल गुंडाळलेली मुलगी साबणावरून घसरली ती थेट हवालदाराच्या मांडीवर. आम्ही हसत होतो, आंटींचा मुलगा मात्र घाईघाईने रिमोट शोधत होता.

"राहू दे रे," आंटी म्हणाल्या. "ती मीच आहे. डायरेक्टर टॉवेल सोड म्हणत होता. मी म्हटलं, नुसती पडते, लोक त्यालाच हसतील. खलास."

मुलाने रिमोट शोधणं सोडलं. तो पडद्याकडे नीट बघू लागला.

"मम्मी," तो म्हणाला, "पडलीस मात्र झकास."

तेव्हा कुठे आंटी लाजल्या.