कोपऱ्यातला गडी

शेजारच्या जिल्ह्याच्या संघातल्या, डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या गड्यानं आमच्या चढाईच्या गड्याला फसवलं. पंचानं फसवलं नाही. लोक अजून पंचालाच शिव्या देतात, म्हणून हे आधी सांगून टाकतो. पंचाला दिसलं नाही. कोपऱ्यातल्याला मात्र ठाऊक होतं.

मी स्वतः कबड्डी कधी खेळलो नाही. रोहणा या माझ्या गावाहून निघालो तेव्हा बैलाचे दात पारखायची अक्कल तेवढी माझ्याजवळ होती. सिंदीला येऊन बैलांची दलाली धरली आणि कोणाच्या ओळखीशिवाय पाय रोवले. आमच्या सौद्यात रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव सांगतात. भोवतीच्या लोकांना काही दिसत नाही. पण ज्याच्या बोटाला बोट लागलं तो नंतर ‘लागलंच नाही’ म्हणत नाही. म्हटलं, तर दुसऱ्या बाजाराला त्याच्यापुढं कोणी हात करत नाही. म्हणून मैदानाच्या कडेला बसल्यावर मला हा खेळ कोणी समजावून सांगावा लागला नाही.

आमचा चढाईचा गडी सिंदी स्टेशनावर कापसाच्या गाठी चढवणारा हमाल होता. अंगानं बारीक, बोलायला कमी, दम मात्र लांब. परत येताना मध्यरेषा ओलांडली की तो हात वर करायचा, तेही गडी शिवला असेल तरच. खेड्यापाड्यांतल्या सामन्यांत पंच त्याच्या हाताकडं बघून निकाल देत. समोरचे भांडतसुद्धा नसत. तशी आमच्याकडची रीतच होती: शिवला गेलेला गडी पंचाची वाट न बघता स्वतःच बाहेर निघायचा. पंच भांडखोरांसाठी असतो, असं आम्ही म्हणायचो. या हमालाजवळ शेत नव्हतं, घर भाड्याचं होतं. वर केलेला हात खोटा नसतो, एवढीच त्याची पत होती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. थंडीचे दिवस, कापसाची वेचणी अर्ध्यावर. वर्ध्याच्या एका शाळेच्या मैदानावर सामना होता आणि जिंकणारा जिल्हा राज्याच्या स्पर्धेला जाणार होता. आमच्या गावाहून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं आली. समोरच्यांच्या डाव्या कोपऱ्याला लागून, फक्कीच्या रेघेपाशी मी बसलो, तर बिल्ला लावलेला एक पोरगा आला.

“काकाजी, इथं बसाचं नाई.”

“मंग माह्या मांडीवर तू बस. जागा तुहीच.”

तो गेला.

सामना सुरुवातीपासून अंगावर येणारा होता. ते पुढं, आम्ही मागं. आमचा एक बाद गडी उठून आत आला की त्यांचाही एक उठायचा. मध्यंतराला बाजू बदलल्या, तसा मीही उठून पुन्हा त्यांच्या डाव्या कोपऱ्यापाशी जाऊन बसलो. नंतर आमच्या हमालानं एका चढाईत दोघं टिपले तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं माझा दंड इतका दाबला की वळ उठला. वेळ संपत आली तेव्हा गुण बरोबरीत होते आणि चढाई आमची होती. हमाल निघाला.

त्याचा आवाज एकसारखा चालला होता, चुलीवर आधण खदखदावं तसा. तो उजवीकडं गेला, तिथून फिरून एकदम माझ्या बाजूला आला. मागची माणसं उठून रेघेवर आली. या बाजूचा पंच पाठ फिरवून त्यांना मागं रेटायला लागला. आमचीच माणसं होती ती. पलीकडच्या पंचाच्या आड त्यांचे तिघं आले होते. हमालानं खाली झुकून पाय लांबवला आणि त्याचा अंगठा कोपऱ्यातल्याच्या पोटरीला घासून गेला. माझ्यापासून दोन हातांवर. पोटरीवरची माती पुसली गेली, तेवढी रेघ उठली.

मग जे झालं ते मी डोळे मिटले तरी बघू शकतो. कोपऱ्यातल्या गड्यानं बाहेर जायला पाय उचलला. सवयीनं उचलला. तोही खेड्यातच शिकलेला होता. त्याच्या कप्तानानं दबक्या आवाजात म्हटलं, “थांब न बे.” त्यानं पाय तिथंच ठेवला.

हमाल मध्यरेषेपार जाऊन हात वर करून उभा होता. मुख्य पंचानं या बाजूच्या पंचाकडं पाहिलं, त्या बाजूच्या पंचाकडं पाहिलं, आणि नकाराची मान हलवली. गुण नाही. हमाल हात खाली घेईना. तो कोपऱ्यातल्याकडं बघत राहिला. आणि कोपऱ्यातला खाली फक्कीकडं.

बरोबरी झाली म्हणून जादा वेळ खेळवला. त्यात आमच्या हमालाचा दम तुटला. असा तुटलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. आम्ही हरलो.

मी रेघ ओलांडून थेट त्यांच्या मॅनेजरकडं गेलो. तो पाण्याच्या पिपाशी उभा होता.

“सामना पुन्हा खेळवा,” मी म्हटलं.

“काकाजी, घरी जा. जेवनं करा.”

“बरं, जादा वेळ तेवढा पुन्हा.”

“आनखी काही?”

“ती एक चढाई. बस.”

त्यानं पेला खाली ठेवला. “तुमी बैलाचे दलाल आहा काय हो?”

“आहो. काऊन?”

“मंग एकाच बैलाचे तीन भाव कायले सांगून राह्यले?”

त्याची माणसं हसली. दुसऱ्या कोणाला तो बोलला असता तर मीही हसलो असतो. मी शेवटचा भाव सांगितला.

“सामना ठेवा. कप ठेवा. राज्याले जा. तुमच्या कोपऱ्याच्या पोराले फक्त आमच्या गड्यासमोर उभं करा. लागला का नाई, तेवढं तो बोलन.”

मॅनेजरचं हसणं थांबलं. “निकाल झाला आहे,” तो म्हणाला आणि पाठ फिरवली. मला तिथंच कळलं की त्यालाही माहीत आहे.

कोपऱ्यातला गडी भिंतीच्या आडोशाला पाय धूत होता. मी त्याचं मनगट धरलं.

“पाय काऊन उचलला होता?”

“सोडा, काकाजी.”

“काऊन उचलला?”

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. “लागला होता,” तो म्हणाला. “पोटरीले.”

“चाल मंग. तो तिथंच बसून आहे. त्याले सांग, पंचाले सांग.”

“नाई येत.”

“काऊन?”

“राज्यात चमकलो त नोकरी आहे. घरी धाकट्या तीन बहिनी आहेत. तुमी तं सौद्याचे मानूस. समजून घ्या न.”

मला समजलं. गरज मला समजते, मी गरजेतूनच वर आलो. पण गरज पडली तर माणसानं आपला बैल विकावा. यानं दुसऱ्याचा विकला होता. मी त्याची बंडी धरली. त्याची माणसं धावून आली, आमची आली, ओढाताण झाली, आणि गर्दीतून तो त्यांच्या गाडीत जाऊन बसला.

आमचा हमाल मैदानाच्या काठावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं.

“भाऊ, हे मले काऊन सांगता?” तो म्हणाला. “मले तं माहीतच आहे. त्याइले सांगा.” आणि त्यानं आमच्याच माणसांकडं बोट दाखवलं.

मी सांगितलं. त्या संध्याकाळी सांगितलं, पुढच्या बाजारी सांगितलं, जिल्ह्याचा संघ निवडणाऱ्यांच्या घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही तर त्याच्याच गावचे, तुम्ही बाजू घेणारच. पुढच्या वर्षी हमालाला संघात घेतलं नाही. ‘लागला नसला तरी हात वर करते,’ हे कारण. मग खेड्यातल्या सामन्यांतही समोरचे अडून बसू लागले. त्यानं हात वर केला की कोणीतरी ओरडायचं, “वर्ध्यालेबी असाच केला होता.” एके दिवशी समोरचा गडी स्पष्ट शिवून तो परत आला, तरी त्यानं हात वर केला नाही. त्यानंतर तो खेळला नाही. सामने असले की तो त्या दिवशी मुद्दाम जादा गाठी मागून घ्यायचा.

कोपऱ्यातल्या गड्या, तुला नोकरी लागली असं मी ऐकलं. लागू दे. बहिणींची लग्नं झाली, चांगलं झालं. तो सामना मी कधीच सोडून दिला. पण माझ्या कानात सांगितलेलं मला चालत नाही, कारण फसवलेला माणूस मी नव्हे. सिंदीला दर थंडीत सामने होतात. मैदान भरलेलं असताना ये, मध्यरेषेवर उभा राहा, आणि ज्यांनी त्या हमालाला खोटं ठरवलं त्यांच्या तोंडावर सांग की त्या दिवशी खोटं कोण होतं. यात मी काही कमी करणार नाही. केव्हा येतोस, ते सांग.